तेरावा भाग

गिरगावात एक भाऊ राहत होते. नाटकधंद्यात वीस वर्षं काढलेली. नेपथ्याचा टेम्पो खंबाटकी घाटात बंद पडला तर रात्री दोनला मेकॅनिक कुठे मिळतो, कुठला नट दुसरी घंटा होईपर्यंत विंगेत पान चघळत उभा राहतो, कुठला कंत्राटदार नेमका हिशेबाच्या दिवशी आजारी पडतो, सगळं तोंडपाठ. जाहिरातीत त्यांचं नाव यायचं ते अगदी तळाशी, 'सूत्रधार' म्हणून, डोळे ताणून वाचावं लागेल अशा टायपात. आपलं नाव एकदा तरी टीव्हीच्या पडद्यावर 'निर्माता' म्हणून मोठं झळकावं, एवढीच त्यांची इच्छा होती. वाईट इच्छा नव्हती.

साल १९९३. झी टीव्ही आदल्या वर्षी २ ऑक्टोबरला सुरू झाला होता, पण तो हिंदी, आणि केबल घेतलेल्यांच्या घरात. मराठीत मालिका करायची तर दूरदर्शनला पर्याय नव्हता. तिथे बाहेरच्या माणसाला वाट मिळाली होती ती ७ जुलै १९८४ ला 'हम लोग' लागली तेव्हापासून. त्याआधी दूरदर्शन बहुतेक कार्यक्रम स्वतःच्याच स्टुडिओत, स्वतःच्याच माणसांकडून करून घ्यायचं. 'हम लोग'च्या मागे मॅगीवाली कंपनी उभी राहिली आणि प्रायोजक नावाचा प्राणी घरोघर माहीत झाला. 'बुनियाद', 'मालगुडी डेज', 'रामायण' या मालिका त्यानंतरच्या चार वर्षांत आल्या. रविवारी सकाळी 'रामायण' लागलं की रस्ते ओस पडतात हे बघून तर ज्याच्याकडे चार पैसे आणि एक कथा होती, असा प्रत्येक जण निर्माता व्हायला निघाला. दिल्लीत मंडी हाउसच्या पायऱ्या आणि मुंबईत वरळीच्या केंद्राचा जिना झिजवणाऱ्यांत भाऊंची भर पडली.

हा व्यवहार कसा होता ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. प्रायोजित कार्यक्रमात दूरदर्शन निर्मात्याला पैसे देत नसे, उलट प्रसारणाची फी घेत असे. बदल्यात निर्मात्याला जाहिरातीचे ठरावीक सेकंद मिळायचे. ते सेकंद कंपन्यांना विकायचे, त्यातून फी भागवायची, मालिकेचा खर्च काढायचा आणि उरलं तर घरी न्यायचं. मंजुरी साधारण तेरा भागांची असे. तेरा आठवडे म्हणजे वर्षाचा चौथा हिस्सा. मालिका चालली तर आणखी तेरा. हे सगळं मिळण्याआधी मात्र एक नमुन्याचा भाग करून दाखवायचा, तो पूर्णपणे स्वतःच्या खिशातून. त्याला पायलट म्हणतात.

भाऊंनी ठरवलं, पायलट असा करायचा की बघणारा खुर्चीतून उठता कामा नये. पतपेढीचं कर्ज काढलं, मेव्हण्याकडून उसने घेतले, वहिनींनी भिशीचा नंबर आधी लावून घेतला. कथा जहागीरदार घराण्याची होती, म्हणून वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात आणि त्याच्यामागच्या कृष्णेच्या घाटावर चित्रीकरण ठेवलं. मुंबईहून क्रेन नेली. पालखी, भालदार, चोपदार, साठ माणसांचा जेवणखर्च. नाटकातला एक मोठा नट तीन दिवस मिळाला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचा पुण्याला प्रयोग, म्हणून त्या दिवसाची कामं पहाटे पाचला सुरू झाली. पहिलाच शॉट असा: कॅमेरा नदीच्या पाण्यालगत सुरू होतो, घाटाच्या पायऱ्या चढणारी पालखी दिसते, मग क्रेन वर वर जाते आणि वाड्याचा सगळा चौक एका दमात खाली उलगडतो. हा शॉट अकराव्या टेकला झाला. मी तो पाहिला आहे. आजही उत्तमच म्हणेन.

वरळीला ज्या साहेबांनी कॅसेट पाहिली ते जुन्या वळणाचे होते. पाहताना मध्ये फोन घेतला नाही, चहा मागवला नाही. पायलट संपल्यावर म्हणाले, "छान झालंय. तेराव्या भागात काय आहे?"

"साहेब, हा पहिला आहे," भाऊ म्हणाले.

"तो पाहिला मी. तेराव्यात काय होतं?"

"म्हणजे धाकट्या जहागीरदाराचं लग्न ठरतं, मग थोरली सून..."

"ते दुसऱ्या-तिसऱ्यातच होऊन जाईल. तेराव्यात?"

भाऊ खरं तेच बोलले. "एकदा मंजुरी मिळू द्या साहेब, मग लेखक बसवतो. आधी तेरा भाग लिहून घेतले आणि मंजुरीच नाही मिळाली तर लेखकाचे पैसे पाण्यात."

"आणि न लिहिता मी मंजुरी दिली तर माझा गुरुवार पाण्यात." साहेबांनी टेबलावरचा कागद ओढला. "पायलट कितीला पडला?"

भाऊंनी आकडा सांगितला, आणि अभिमानानं सांगितला. साहेबांनी कागदावर एका बाजूला तो मांडला. दुसऱ्या बाजूला एका भागाचे जाहिरातीचे सेकंद, त्याचा बाजारातला भाव, त्यातून वजा फी. पहिल्या आकड्यात दुसऱ्यासारखे पाच भाग बसत होते.

"पुढचे बाराही असेच करणार?"

"हो तर. दर्जा खाली येऊ देणार नाही."

"कशातून?"

यावर भाऊ काही बोलले नाहीत. साहेबच मग म्हणाले, "शंकर नागांनी 'मालगुडी डेज' करताना कर्नाटकात आगुंबे नावाचं एक गाव धरलं. गाव तेच, घरं तीच, गोष्टीमागून गोष्ट तिथेच चित्रित केली. भाऊ, एक गुरुवार झाला की सात दिवसांनी दुसरा येतो. तुमचा नट दौऱ्यावर आहे, वाड्याची परवानगी अडकलीय, पावसानं घाट पाण्याखाली गेलाय, हे गुरुवारला सांगता येत नाही. तेरा भागांच्या संहिता आणि खर्चाचा तक्ता घेऊन या. मी पुन्हा बघतो."

इतकं स्वच्छ उत्तर सरकारी टेबलावरून फार कमी लोकांना मिळतं. पण जिना उतरेपर्यंत भाऊंच्या मनात त्याचा अर्थ असा झाला: पायलट अजून थोडा कमी पडतोय.

चाळीत त्यांनी सांगितलं, "साहेबांना आवडलंय. किरकोळ बदल सुचवलेत."

मग सुरू झाली माहीमची वारी. माहीमला एका गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर एडिटिंगची खोली होती. आठ तासांची शिफ्ट भाड्यानं मिळायची. आज लॅपटॉपवर बोटानं दृश्यं इकडची तिकडे करणाऱ्या मुलांना तेव्हाचं काम सांगून पटत नाही. दोन यंत्रांत मूळ टेपा लावायच्या, तिसऱ्यात कोरी. हवा तो तुकडा शोधून कोऱ्या टेपवर उतरवायचा, त्याला लागून पुढचा, मग त्याच्या पुढचा. सगळा कार्यक्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत असा ओळीनं रचायचा. मधलंच एक दृश्य अर्ध्या मिनिटानं कमी करायचं म्हटलं तर पुढचं सगळं पुन्हा उतरवावं लागे. नाही तर तयार टेपवरूनच नवी टेप करायची. त्यात भानगड अशी की टेपवरून टेप केली की चित्र थोडं उतरतं. त्या नकलेची नकल केली की आणखी उतरतं. मूळ कॅमेऱ्यातली टेप ही पहिली पिढी, तयार कार्यक्रम दुसरी, त्यात फेरफार केला की तिसरी. यू-मॅटिक टेपवर चौथ्या पिढीला रंग आपली रेघ सोडायला लागतात, आणि सगळ्यात आधी लाल.

भाऊंच्या मूळ टेपा कॅमेरावाल्याकडे अडकल्या होत्या, भाड्याची बाकी राहिली म्हणून. तेव्हा फेरफार करायचा तो तयार पायलटवरूनच. पहिल्या खेपेला त्यांनी सुरुवातीचं संगीत बदललं. दुसऱ्या खेपेला थोरल्या सुनेचा प्रवेश आधी आणला. पुढे कुणी तरी म्हणालं, वेग कमी आहे, म्हणून पालखीचा शॉट निम्मा केला. मग जीव राहिना म्हणून पुन्हा लांबवला, पण आता तो जुन्या टेपवरून घ्यावा लागला, त्यामुळे शॉटच्या मध्येच रंग बदलल्यासारखा दिसायचा. एडिटर पोरगा चांगला होता. त्यानं एकदा पडद्यावर बोट ठेवून दाखवलं: नवरीच्या शालूचा लाल रंग तिच्या खांद्याबाहेर भिंतीवर सांडला होता, आणि ती मान वळवे तसा भिंतीवरून सरकत होता.

"भाऊ, जितकं सुधारताय तितकं बिघडतंय," पोरगा म्हणाला.

"टीव्हीवर एवढं दिसत नाही रे," भाऊ म्हणाले.

या काळात त्यांनी तेराव्या भागाची एक ओळही लिहवून घेतली नाही. माणूस आळशी नव्हता हे लक्षात घ्या. दिवसाला सोळा तास राबत होता. फक्त जे काम येत होतं तेच पुन्हा पुन्हा करत होता, कारण जे येत नव्हतं ते सुरू केलं की आपल्याला ते येत नाही हे कळणार होतं.

त्याच खोलीबाहेरच्या बाकावर पुढच्या शिफ्टची वाट बघत एक बाई बसलेल्या असत. सातारा जिल्ह्यातल्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत भाकरीचा डबा आणि मागच्या वर्षीचं कॅलेंडर. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं आखलेला तक्ता. त्यांचा भाचा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून कॅमेरा शिकून नुकताच बाहेर पडला होता आणि त्याला काम नव्हतं. बाईंना पेन्शन सुरू झाली होती आणि दुपारची झोप लागत नव्हती. कार्यक्रम निघाला तो यातून. महाराष्ट्रातले तेरा कारागीर, दर भागात एक. नट नाही, वाडा नाही.

त्या तक्त्यात भागांच्या आधी महिने होते. भूगोलाच्या बाईच त्या. कोल्हापूरकडचं गुऱ्हाळ बघायचं तर थंडीत, पावसाळ्यात तिथे नुसती चुलवाण असते. पेणला गणपती बघायचे तर आषाढ-श्रावणात, कारखान्यात पाय ठेवायला जागा नसते तेव्हा. घोंगडीवाला यात्रेच्या दिवसांत घरी सापडत नाही. येवल्याची पैठणी बाराही महिने विणतात, तेव्हा ती कुठल्याही फटीत बसेल. त्यामुळे झालं असं, की मंजुरीचा अर्जही केला नव्हता तेव्हाच श्रावण आला, आणि बाईंनी भाड्याचा कॅमेरा एका दिवसापुरता घेऊन पेणचा भाग उरकून टाकला. नाही तर पुढच्या श्रावणापर्यंत थांबावं लागलं असतं. तक्त्यात तो भाग तेरावा होता.

म्हणजे साहेबांनी त्यांनाही तोच प्रश्न विचारला तेव्हा बाईंनी पिशवीतून कॅसेट काढून टेबलावर ठेवली.

साहेब चकित झाले, पण साहेबच ते. म्हणाले, "गणपती कुठेही पहिला असतो. तुमच्याकडे तेरावा कसा?"

"पहिला भाग लोक कुतूहलानं बघतातच," बाई म्हणाल्या. "तेराव्यापर्यंत कंटाळलेले असतात. तेव्हा ओळखीचं काही तरी हवं."

शाळेत आठवा तास घेतलेल्या माणसालाच हे सुचतं.

इथून बाईंचं सगळं सुरळीत झालं असं वाटत असेल तर तसं नाही. कल्पना मंजूर होणं वेगळं आणि टेप पास होणं वेगळं. तांत्रिक तपासणीत घोंगडीचा भाग परत आला. शेरा होता, चित्रात दाणे. घोंगडीचा माग खड्ड्यातला, विणकर जमिनीत पाय सोडून बसणार, घराला एकच खिडकी, त्यात लोकर काळी. उजेड कमी म्हणून भाच्यानं कॅमेऱ्याचा गेन चढवला होता आणि सगळं चित्र वाळू उडवल्यासारखं झालं होतं. माग तर उचलून अंगणात आणता येत नाही. दिवे लावावेत तर जनरेटरचं भाडं परवडत नाही. विणकराच्या म्हातारीनं तोडगा काढला. म्हणाली, "कौलं काढा की. येत्या पावसाआधी शाकारायचीच हायती." पोरांनी छपरावर चढून मागाच्या बरोबर वरची दोन हात रुंद कौलं उतरवली. सकाळी दहा ते साडेअकरा ऊन थेट मागावर पडायचं. चिंचोक्याची खळ लावलेला ताणा, त्यावरून फिरणारा कुंचा, सुतावर चढलेली खळीची चकाकी, सगळं लख्ख आलं. सगळ्या मालिकेत मला तोच भाग सर्वांत देखणा वाटतो. कौलं परत चढवण्याची मजुरी बाईंच्या वहीत खर्चाला धरलेली आहे.

मग प्रायोजक. मुंबईतल्या जाहिरात कंपन्यांनी कारागीर म्हटल्यावर चहा पाजून वाटेला लावलं. अखेर सांगलीचा एक हळद-मसालेवाला तयार झाला, पण त्याची अट होती: एका भागात आमचा कारखाना दाखवा, पाकिटं भरताना. जाहिरात जाहिरातीच्या सेकंदांत; कार्यक्रमात घुसवली तर केंद्र ती कापणार, हे बाईंना माहीत होतं. त्यांनी नकार दिला नाही आणि होकारही दिला नाही. त्या हरिपूरला गेल्या. सांगलीला लागून असलेल्या या गावात जमिनीत खोल खणलेली हळदीची पेवं होती. तिथल्या मातीत पाणी झिरपत नाही, म्हणून पोती नाहीत, गोदाम नाही, हळद थेट जमिनीच्या पोटात, आणि वर्षानुवर्षं टिकते, कीड लागत नाही. पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत. आतली हवा जीवघेणी असते. आधी बराच वेळ उघडं ठेवतात, मग दोराला कंदील बांधून सोडतात, तो विझला नाही तरच माणूस उतरतो. बाईंनी हा कंदील उतरतानाचा शॉट मसालेवाल्याला दाखवला. त्याचे आजोबा हळदीचेच व्यापारी. तो थोडा वेळ गप्प बसला आणि कारखान्याची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही. पैसे मात्र ठरल्यापेक्षा कमी दिले, तेही दोन हप्त्यांत.

वेळ मिळाली ती गुरुवारी संध्याकाळची. बायका स्वयंपाकाला लागलेल्या, पुरुष लोकलमध्ये, पोरं खेळायला. गावाकडे त्याच वेळी वीज जायची. तरी पहिल्या महिन्यात पोस्टकार्डं यायला लागली. मिरजेच्या तंतुवाद्यांच्या भागानंतर सर्वांत जास्त. तलवारींना धार लावणारे शिकलगार सतारीकडे कसे वळले, आणि त्या सतारीचा भोपळा पंढरपूरच्या बाजूला पिकतो, हे वाचून-ऐकून माहीत असलेले लोकही प्रत्यक्ष वाळत घातलेल्या भोपळ्यांची रास बघून हरखले.

नवव्या आठवड्यात भाच्याला कावीळ झाली. दहावा भाग सावंतवाडीचा, चितारआळीतल्या लाकडी खेळण्यांचा. चित्रीकरण अर्धं झालेलं, पोरगा तिकडेच अंथरुणाला खिळलेला, टेपा त्याच्या उशाशी. बाई माहीमच्या बाकावर बसून हिशेब करत होत्या की अकरावा दहाव्याच्या जागी देता येईल का. अकराव्याचं एडिटिंग राहिलं होतं. भाऊ पायलटच्या कितव्यातरी फेरफारासाठी आले होते. त्यांनी ऐकलं, एडिटर पोराकडे बघितलं, आपली शिफ्ट बाईंना देऊन टाकली आणि खाली जाऊन गिरणीतून फोन लावला.

पुढच्या तीस तासांत भाऊंनी जे केलं ते त्यांनी वीस वर्षं केलं होतं. सावंतवाडीला नाटकाचा प्रयोग संपवून येणारा टेम्पो कुठला, तो रात्री कुठे जेवायला थांबतो, कोल्हापूरहून दुसरा कॅमेरामन कुणाच्या ओळखीनं निघेल, त्याला आगाऊ किती द्यावे लागतील. उरलेलं चित्रीकरण दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं. टेपा नेपथ्याच्या ट्रंकेत घालून आल्या, टेम्पो घाटात बंद पडला, आणि मेकॅनिक कुठे मिळतो ते भाऊंना माहीत होतं. गुरुवार पाळला गेला.

त्या रात्री गिरणी बंद झाल्यावर बाकावर बसून भाऊंनी तो तक्ता पहिल्यांदा नीट वाचला. महिने, माणसं, टेपा किती, कुठल्या भागातून वाचलेले पैसे कुठल्या भागात गेले, कुठला भाग अडला तर त्याच्या जागी कुठला सरकेल.

"बाई, हे तुम्ही पहिल्या शॉटच्या आधी केलंत?"

"नंतर करून काय उपयोग?" बाई म्हणाल्या. "परीक्षा झाल्यावर कुणी वेळापत्रक लावतं का?"

तेरा भाग पुरे झाले. पुढच्या तेरांच्या मंजुरीचं पत्र आलं तेव्हा बाईंनी आधी एडिटर पोराची बाकी फेडली आणि मग भाऊंना निरोप पाठवला, निर्मिती व्यवस्थापक म्हणून याल का, पगार फार नाही. भाऊ गेले. शेवटच्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव यायचं, पुन्हा तळाशीच. वहिनी सांगतात, त्या वर्षात त्यांना पहिल्यांदा रात्री झोप लागायला लागली.

पायलटची टेप कपाटात गेली. भाऊ रात्री लिहायला बसू लागले. लेखक नव्हते, म्हणून एका लेखकाला बरोबर घेतलं, पैसे भागाप्रमाणे नाही तर तेराव्या भागाची संहिता हातात आल्यावर. तेरा लिहून झाले, मग सव्वीस. लिहिता लिहिता जहागीर गेली, पालखी गेली, भालदार-चोपदार गेले. थोरली सून, धाकटा दीर आणि त्यांचं एकमेकांशी न पटणं तेवढं उरलं, ते गिरगावातल्या दोन खोल्यांत नीट मावलं. दोन्ही खोल्या बाजूबाजूच्या, एकाच चाळीत, महिन्याच्या भाड्यानं.

तोवर दिवस बदलले होते. १९९९ च्या १५ ऑगस्टला अल्फा मराठी सुरू झाली, पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी आली, मराठीत रोजच्या मालिका लागू लागल्या आणि वाहिन्यांना नमुन्याच्या भागापेक्षा साठवणीतले भाग किती आहेत यात जास्त रस वाटू लागला. त्यांच्या भाषेत याला 'बँक' म्हणतात. भाऊ कुठल्याही कचेरीत गेले की आधी शेवटची संहिता टेबलावर ठेवायचे, पहिली मागितली तरच काढायचे.

त्यांची मालिका २००१ साली एका खासगी वाहिनीवर लागली आणि दोनदा मुदतवाढ मिळून संपली. 'निर्माता' म्हणून त्यांचं नाव मोठ्या टायपात यायचं. मेणवलीच्या वाड्यातला एकही शॉट तिच्यात नव्हता.